डाग रंगावर आहे की रंगात? बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके काढताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: छत्रपती संभाजीनगरच्या बाहेरच्या भागातली सोसायटी, पाणी बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं. गाडी काळी, दीड वर्षाची. बॉनेट, टप आणि डिकीवर पांढरट गोल ठिपके बसलेत, शाम्पूनं जात नाहीत. शेजारी म्हणतात व्हिनेगर लावा, एक दुकानदार म्हणतो सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा पारदर्शक संरक्षक लेप) करा म्हणजे सगळं जाईल, दुसरा म्हणतो रबिंग मारून देतो, म्हणजे मशीननं घासून पॉलिश. यातलं कोणाचं ऐकायचं?

आज तरी कोणाचंच नाही. आधी एवढंच ठरवा की डाग रंगाच्या वर बसलाय की रंगात उतरलाय. या दोन अवस्थांचे उपाय अगदी वेगळे आहेत. वरच्या डागाला मशीन लावलं तर चांगला रंग विनाकारण खरवडला जातो. आत गेलेल्या डागावर महिनाभर व्हिनेगर चोळलं तरी तो हलत नाही, उलट कापडाचे ओरखडे तेवढे वाढतात. माझ्याकडे येणाऱ्या काळ्या गाड्यांवर पाण्याच्या डागांपेक्षा डाग काढायच्या प्रयत्नांच्या खुणा जास्त असतात. ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण त्यातलं बरंचसं नुकसान टाळता आलं असतं.

डाग कशाचा आहे ते आधी पाहू. आपलं बहुतेक भूजल बेसॉल्टच्या भेगांमधून येतं. वाटेत ते कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि थोडी सिलिका, म्हणजे वाळूतलं द्रव्य, विरघळवून घेतं. पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात असतं, तोवर ते दिसत नाही. थेंब वाळताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरतं. गिझरच्या कॉइलवर जमतो तो हाच पांढरा थर. थेंबाची कड आधी सुकते आणि मधलं पाणी कडेकडे ओढलं जातं, म्हणून डाग भरीव ठिपक्यापेक्षा कड्यासारखा जास्त दिसतो.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब सांगतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची, म्हणजे विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची, स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा तुमचं पाणी ६०० चं आहे. मग १५ लिटरच्या बादलीत ९ ग्रॅम क्षार आले. गाडी धुऊन झाल्यावर अंगावर अर्धा लिटर पाणी राहिलं आणि ते तसंच वाळलं, तर ३०० मिलिग्रॅम चुना गाडीवर बसला. आठवड्यातून दोनदा असं वर्षभर चाललं की काय होतं ते तुम्ही बघताच आहात.

नुसता बसलेला क्षार काढणं सोपं असतं. खरी अडचण ऊन करतं. एप्रिल-मेमध्ये काळ्या बॉनेटवर दुपारी हात टेकवत नाही. इतक्या तापलेल्या पृष्ठभागावर थेंब आटत जातो तसे त्यातले क्षार दाट होतात. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअरकोट, गरमीनं थोडा मऊ पडलेला असतो आणि थेंबाच्या कडेनं त्यात खाच पडते. नंतर वरचा चुना निघाला तरी खाच राहते, आणि प्रकाश तिच्यावर विखुरला की तिथे कडं दिसतं. यालाच आम्ही एचिंग म्हणतो. काळ्या रंगावर ते सगळ्यात आधी नजरेत भरतं. चंदेरी किंवा पांढऱ्या गाडीवरही ते असतंच, फक्त सहसा कोणी तिरपा उजेड टाकून बघत नाही.

आता तपासणी. गाडी सावलीत घ्या आणि पत्रा गार होऊ द्या. साध्या कार शाम्पूनं धुवा, कोरडी करा. मग पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटांची टोकं डागावरून अलगद फिरवा. पिशवीमुळे बारीक उंचवटाही कळतो. खरखरीत लागलं तर क्षार वर आहे. अगदी गुळगुळीत लागलं तरी कडं दिसत असेल तर बहुधा खाच आहे. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा. डाग ओला करून बघण्याची पद्धत मात्र सोडून द्या. ओल्यावर दोन्ही प्रकारचे डाग गायब होतात आणि वाळल्यावर दोन्ही परत येतात, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही.

नक्की निदान करायचं असेल तर बॉनेटच्या एका कोपऱ्यात, दोन-चार डागांवर, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर ठेवा, पाण्यानं धुवा, पुसा आणि पुन्हा बघा. गेला तर चुना होता. फिका झाला पण कडं राहिलं, तर चुना गेला आणि खाली खाच आहे. काहीच फरक नाही आणि बोटाला अजून खरखर लागते, तर त्यात सिलिका किंवा जिप्समचा भाग मोठा आहे. व्हिनेगर त्यावर फारसं चालत नाही. बेसॉल्टमधल्या बोअरच्या पाण्यात सिलिका असतेच, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीवर एका फटक्यात चाललेला उपाय तुमच्याकडे अर्धवट चालला तर नवल वाटून घेऊ नका. टँकर वेगळ्या विहिरीवरून आला की डागाची घडणही बदलते.

म्हणजे व्हिनेगर सुचवणारे शेजारी पूर्ण चुकीचे नाहीत. त्यातलं ॲसेटिक ॲसिड साधारण ५ टक्के असतं, ते कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतं आणि क्लिअरकोटवर थोडा वेळ राहिलं तर काही बिघडत नाही. सगळं लावण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. सुरुवात निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी अशी करा. कापड त्यात भिजवून डागांच्या भागावर पसरून ठेवा. चोळू नका. एक-दोन मिनिटांनी उचला आणि भरपूर पाण्यानं धुवा. राहिलं तर पुन्हा ठेवा, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी न मिसळलेलं व्हिनेगर वापरा. एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोनच घ्या, म्हणजे कुठेही वाळणार नाही. ॲसिड वाळू देणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी गोष्ट आहे. शेवटी पूर्ण गाडी शाम्पूनं धुवा, म्हणजे फटींत काही उरत नाही.

व्हिनेगरऐवजी सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व, मला जास्त आवडतं. वास नाही, स्वस्त आहे आणि प्रमाण आपल्या हातात राहतं. लिटरभर पाण्यात २० ग्रॅम टाकून सुरू करा. जुनाट डागांना ५० ग्रॅमपर्यंत जाता येतं, त्यापुढे जायची गरज मला सहसा पडलेली नाही. ताजं लिंबू कापून रंगावर घासणं मात्र नको. त्याच्या सालीनं आणि डागाच्याच सुटलेल्या कणांनी ओरखडे पडतात.

हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. ॲल्युमिनियमच्या रूफ रेल, क्रोमच्या पट्ट्या, कुठे रंग उडून उघडा पडलेला पत्रा असेल तर तिथे ॲसिड लागू देऊ नका, लागलं तर लगेच धुवा. आणि पार्किंगमध्ये शहाबादी फरशी असेल तर गाडी तिथून बाहेर काढून हे काम करा. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. जे ॲसिड गाडीवरचा चुना खातं, तेच फरशीही खातं, आणि तिचे पांढरे पडलेले चट्टे जात नाहीत. ब्लीच असलेलं कुठलंही क्लिनर याच्या जवळपास नको, दोन्ही मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो.

टॉयलेट क्लिनर लावून डाग काढल्याचे किस्से तुमच्या कानावर येतील. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. डाग जातो हे खरं, पण क्रोम, ॲल्युमिनियम, बोल्ट, फटींतला पत्रा यांना त्याची झळ बसते आणि ती काही महिन्यांनी गंजाच्या रूपात दिसते. त्याहून धोकादायक म्हणजे सुट्या कॅनमध्ये, लेबलशिवाय विकलं जाणारं ‘काच आणि अलॉयचं ॲसिड’. सिलिकाचे डाग ते झटक्यात काढतं, कारण त्यात बहुधा फ्लोराइडची संयुगं असतात. तीच संयुगं काच खातात, आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड त्वचेतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. सुरुवातीला फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस हात धुवायला उशीर करतो. लेबल नसलेलं ॲसिड मी माझ्या मुलांच्या, म्हणजे दुकानात काम करणाऱ्या पोरांच्या, हातात कधीच देत नाही. तुम्हीही घरी आणू नका.

ॲसिडनंतर काही खरखर उरली तर क्ले बार, म्हणजे चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. भरपूर वंगण मारून, जोर न देता, सरळ रेषेत फिरवायचा. चिकटलेले कण त्यानं सुटतात, खाच मात्र भरत नाही. क्लेनं काळ्या रंगावर बारीक ओरखडे येतात हे धरून चाला. म्हणजे पुढे पॉलिश करायचंच असेल तेव्हाच क्ले वापरा. खरखर नसेल तर ही पायरी सोडून द्या.

इथपर्यंतचं घरी होतं. खाच असेल तर प्रश्न रंगाच्या जाडीचा होतो. कंपनीतून येणाऱ्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअरकोटपर्यंत सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रंग असतो, काही गाड्यांवर त्याहूनही कमी. त्यातला क्लिअरकोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्याहूनही हा थर पातळ. खालच्या रंगाला अतिनील किरणांपासून वाचवणारी द्रव्यं याच थरात असतात. पॉलिश करणं म्हणजे खाचेच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअरकोट उतरवणं. एका हलक्या पॉलिशमध्ये एक-दोन मायक्रॉन जातो, जोरदार कंपाउंडिंगमध्ये, म्हणजे जाड कणांच्या पॉलिशनं घासण्यात, जास्त. गेलेला थर परत येत नाही. दर वर्षी ‘रबिंग’ मारून घेणाऱ्या गाड्यांचा क्लिअरकोट चार-पाच वर्षांत टपावरून सोलून निघायला लागतो, तो याच कारणानं.

म्हणून ‘रबिंग मारून देतो’ म्हणणाऱ्याला आधी विचारा की जाडी मोजणार का. रंगाची जाडी मोजायचं यंत्र आता बहुतेक बऱ्या डिटेलिंगवाल्यांकडे (गाडीची बारकाईनं सफाई-पॉलिश करणाऱ्यांकडे) असतं. ते एकूण जाडी दाखवतं, क्लिअरकोट वेगळा दाखवत नाही, आणि साधं यंत्र प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही. तरीही बॉनेटवर ११५ आणि दारावर १२० असेल तर हात हलका ठेवून काम करता येतं. एखाद्या पॅनेलवर ८० दिसलं तर तिथे आधीच कोणीतरी घासलंय, तिथलं काम सोडून दिलेलं बरं. २०० च्या वर असेल तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे. दीड वर्षाच्या गाडीवरही असं निघतं, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो.

मग काम ड्युअल ॲक्शन मशीननं (ज्याचं पॅड फिरता फिरता हलतंही), फोमच्या मऊ पॅडनं आणि बारीक पॉलिशनं सुरू व्हायला हवं. फूटभर जागेवर आधी करून बघायचं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून ती जागा पुसायची, कारण पॉलिशमधलं तेल खाचेत बसून डाग गेल्याचा भास करून देतं आणि दोन धुण्यांत तो परत दिसतो. पुसल्यावरही डाग गेलेला असेल तर पॅड आणि पॉलिशची तीच जोडी सगळीकडे वापरायची. नसेल गेला तरच एक पायरी कडक पॅड किंवा कंपाउंड. पॅनेलच्या कडा आणि उठावाच्या रेषा टेप लावून झाकायच्या, तिथे थर सगळ्यात पातळ असतो. उलट क्रमानं, म्हणजे लोकरी पॅड आणि रोटरीनं (नुसत्या गोल फिरणाऱ्या मशीननं) सुरुवात करणारा माणूस अर्ध्या वेळात चकचकीत गाडी देतो खरा, पण उन्हात नेली की काळ्या रंगावर पॅडच्या फिरण्याच्या गोल खुणा तरळताना दिसतात.

आणि काही डाग राहू द्यावे लागतात. खोल गेलेली दहा-बारा कडी काढण्यासाठी पूर्ण बॉनेटचे आठ-दहा मायक्रॉन घालवणं हा चांगला सौदा नाही. रोजच्या वापराची गाडी आहे, अजून दहा वर्षं चालवायची आहे. मी तरी अशा वेळी कडा मऊ करून डाग फिका करतो आणि ग्राहकाला समजावून सांगतो की इथून पुढे जाऊ नये. काहींना ते पटत नाही, ते दुसरीकडे जातात. तरी मत तेच.

जुन्या गाड्यांच्या साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगावर क्लिअरकोट नसू शकतो. तिथे पॉलिश करताना पॅडवर गाडीचाच रंग उतरतो. तुमच्या गाडीला हे लागू नाही, पण घरात दुसरी जुनी गाडी असेल तर ध्यानात असू द्या.

सिरॅमिक कोटिंगबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. कोटिंग डाग काढत नाही. डागांवर कोटिंग केलं तर डाग त्याखाली बंद होतात, आणि पुढे ते काढायला आधी कोटिंग घासावं लागतं. ‘९एच’ हा आकडा पेन्सिलीच्या कडकपणाच्या चाचणीचा आहे, त्याचा हिऱ्याशी किंवा ओरखडे न येण्याशी संबंध नाही. आणि पाण्याच्या डागांपुरतं बोलायचं तर कोटिंगवर थेंब उंच, गोल उभे राहतात. ते निथळून गेले तर उत्तम, पण बोअरचं पाणी मारून गाडी उन्हात सोडली तर प्रत्येक थेंब आपल्या जागी वाळतो आणि कोटिंगवरही कडी उमटतात. फायदा इतकाच की बऱ्याचदा खाच कोटिंगमध्ये पडते, खालचा रंग वाचतो. हा फायदा खरा आहे, पण धुण्याची पद्धत न बदलता कोटिंगवर पैसे घालणं मला पटत नाही. गाडीवर पीपीएफ (रंगावर चिकटवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म) असेल तर त्याला कंपाउंड लावू नका. पातळ सायट्रिक ॲसिड आणि सोसवेल इतकं गरम पाणी, एवढ्यावरच थांबा.

मूळ पाण्याकडे येऊ. सोसायटीत सकाळी गाड्या पुसणारे दादा एका बादलीत आणि एका फडक्यात पंधरा-वीस गाड्या उरकतात. त्यांच्या हातात तेवढाच वेळ असतो आणि पैसेही तेवढेच मिळतात, त्यामुळे दोष त्यांना देऊ नका. त्यांच्याशी बोला. रोज ओलं फडकं मारण्याऐवजी आठवड्यातून एकदा नीट धुवून लगेच कोरडी करायची, असं ठरवा. दोन स्वच्छ मायक्रोफायबर टॉवेल तुम्ही द्या आणि दरमहाचे पैसे तेच ठेवा. रोजच्या धुळीवर ओलं फडकं फिरलं की ओरखडे आणि क्षार दोन्ही एकदम मिळतात. एक-दोन दिवस धूळ राहिली तर रंगाला काही होत नाही.

धुणं सूर्य वर यायच्या आत किंवा मावळल्यावर. वरून खाली, एक-एक भाग, आणि पुढचा भाग घ्यायच्या आधी मागचा कोरडा. शेवटच्या पाण्याला नळीचं तोंड काढून संथ, जाड धार टपावरून सोडली तर पाणी चादरीसारखं एकसंध घसरतं आणि थेंब कमी उरतात. आरसे, दारांच्या मुठी आणि नंबर प्लेटमागून पाणी बराच वेळ ठिबकत राहतं, तिथे पाच मिनिटांनी पुन्हा टॉवेल फिरवा.

घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरणं हा चांगल्या हेतूनं केला जाणारा घातक प्रकार आहे. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशीला वापरा. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं असल्यामुळे जवळजवळ क्षारमुक्त असतं. फडक्यातून गाळून फवाऱ्याच्या बाटलीत भरा आणि शेवटचा हात त्यानं मारा. बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणीही चालतं. सोसायटीत सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा कठीणपणा घालवणारं यंत्र, असेल तर एक बारकावा आहे: तो कॅल्शियमच्या जागी सोडियम आणतो, म्हणून टीडीएस मीटरवरचा (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा) आकडा जवळपास तसाच राहतो. डाग तरीही पडतात, पण ते पाण्यात विरघळणारे असल्यानं पुढच्या धुण्यात जातात. टीडीएस मीटर विजेच्या वहनावर चालतं, विरघळलेली सिलिका त्याला जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे कमी आकडा बघून निर्धास्त होऊ नका.

एक शेवटची शक्यता तपासा, कारण तुम्ही पार्किंग कुठलं ते लिहिलेलं नाही. गाडी तळमजल्याच्या बंदिस्त पार्किंगमध्ये असेल आणि काही डाग इतरांपेक्षा जाड, दुधाळ, ओघळासारखे असतील, तर ते धुण्याच्या पाण्याचे नाहीत. स्लॅबच्या भेगेतून झिरपणारं पाणी काँक्रीटमधला चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, सोबत आणतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचं रंगावर घट्ट कवच होतं. हे पाणी तीव्र अल्कधर्मी असतं, क्लिअरकोटला उन्हाशिवायही खातं आणि तेही काही दिवसांत. अशा कवचाला टोकदार काही लावू नका, नखसुद्धा नको. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कापड चार-पाच मिनिटं, पुन्हा पुन्हा, मधे धुऊन. बारीक बुडबुडे येत राहतील तोवर काम चालू आहे. कवच मऊ होऊन आपोआप सुटलं पाहिजे. आणि त्याच दिवशी छताकडे बघून गाडी त्या भेगेखालून हलवा. दुरुस्तीला सोसायटीची सभा होईपर्यंत वेळ लागणारच, तोवर भेगेखाली तिरपा पत्रा लावून पाणी भिंतीकडे वळवता येतं.

तुमच्या गाडीसाठी क्रम सांगायचा तर येत्या सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर बॉनेटचा फक्त एक कोपरा करा. लिंबूसत्वानं तिथे किती गेलं ते पाहून उरलेल्या बॉनेटचं आणि टपाचं ठरवा. जे उरेल त्याचा तिरप्या उजेडात फोटो काढा आणि तो घेऊन डिटेलिंगवाल्याकडे जा. कामाच्या आधीचे आणि नंतरचे मायक्रॉनचे आकडे पॅनेलवार लिहून मागा. मागच्या काचेवरही डाग असतील तर त्याचं काम वेगळं सांगा. काचेला सेरियम ऑक्साइडचं पॉलिश लागतं, ते रंगावर लावत नाहीत.